भिंतीमागचे घर

करमाळ्यास येणारा परगावचा पाहुणा बहुधा दोन स्थळे पाहून माघारी जातो. एक, गावाच्या पूर्वेस असलेले श्रीकमलाभवानीचे देवालय, त्याच्या उंच दीपमाळा आणि ९६ पायऱ्यांची ती प्रशस्त विहीर. आणि दुसरे, निजामाच्या पदरी जहागीर भोगणाऱ्या रावरंभा निंबाळकरांनी आरंभिलेला व त्यांचे चिरंजीव जानोजी यांनी पुरा केलेला भुईकोट किल्ला. ही दोन्ही दगडाची कामे आहेत, आणि दगड पाहणाऱ्याचे लक्ष आपणहून वेधून घेतो. परंतु ज्या कोटाच्या आत सुमारे शंभर घरे असल्याची नोंद १८८४ सालच्या सोलापूर जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियराने केली, आणि बालाघाटाकडून पुण्यास व अहमदनगराहून सोलापुरास जाणाऱ्या मालाचे मार्ग जेथे एकमेकांस छेदीत असल्यामुळे ज्या कसब्यास पेठेचे वैभव लाभले, त्या कसब्यातील माणसे ज्या घरांत जन्मली, वाढली आणि दिवंगत झाली, ती घरे मुद्दाम जाऊन पाहावीत असे कोणाच्या सहसा मनात येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यास त्यांची केवळ एक जाड, बुटकी, खिडक्यांवाचूनची भिंत दिसते. त्या भिंतीलाच घर समजून माणूस पुढे जातो. आणि खरे घर, जे भिंतीच्या आत लाकडाच्या रूपाने उभे असते, ते त्याच्या दृष्टीस पडतच नाही.

घराचा भार कोण वाहतो, या एका प्रश्नाच्या उत्तरावर जगातील घरांचे दोन मोठे वर्ग पडतात. काही घरांत छपराचे ओझे भिंती आपल्या माथ्यावर घेतात, आणि तेथे भिंत काढली म्हणजे घर खाली येते. काही घरांत मात्र खांब, तुळया आणि कड्या यांचा एक स्वयंपूर्ण सांगाडा प्रथम उभा राहतो, छप्पर त्या सांगाड्यावर विसावते, आणि भिंती मागाहून, केवळ ऊन, वारा व परकी नजर अडविण्यासाठी, त्याच्याभोवती येतात. करमाळा, बार्शी, परांडा, भूम या टापूतील जुनी माळवदी घरे या दुसऱ्या वर्गातली आहेत. शेक्सपिअरच्या काळातील इंग्लंडमधील ओकच्या लाकडाची घरेही त्याच वर्गातली आहेत. एकीकडे अवर्षणाचा प्रदेश आणि सपाट मातीचे छप्पर, दुसरीकडे बारमाही झिमझिम आणि उभ्या उताराचे छप्पर, असा हवामानाचा संपूर्ण विरोध असूनही या दोन देशांतील सुतारांनी गृहरचनेचा मूळ प्रश्न एकाच रीतीने सोडविला, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते, आणि आपल्या घरांकडे पाहण्याची दृष्टी तिच्यामुळे पालटेल अशी माझी खात्री आहे.

माळवदी घर कसे उभे राहते ते तळापासून पाहू. प्रथम जमिनीपासून दोन-तीन हात उंच असे दगडाचे जोते बांधून घेतात. त्या जोत्यावर, जेथे जेथे खांब यावयाचा तेथे तेथे, एकेक घडीव दगड बसवितात. याला तळखडा म्हणतात. लाकडाचा खांब मातीत कधीच पुरला जात नाही, तो या तळखड्यावर उभा राहतो, आणि या एका साध्या खबरदारीमुळे जमिनीतली ओल आणि वाळवी यांपासून त्याचा पाया सुरक्षित राहतो. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंस पसरलेले आडवे हस्त येतात, हस्तांवर तुळई येते, आणि एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत, हातभर किंवा त्याहून कमी अंतराने, कड्या टाकलेल्या असतात. सधन माणसाच्या घरी या कड्यांवर रंधलेल्या फळ्या येऊन कडीपाट पुरा होई; सामान्य कुणब्याच्या घरी फळ्यांच्या जागी फोडलेल्या लाकडाचे किलचन दाटीने मांडले जाई, त्यावर तुराट्या किंवा लिंबाचा पाला पसरला जाई, आणि त्यावर चिखलाचा थर देऊन तो वाळला म्हणजे मग मातीचा मुख्य थर चढे.

ही माती वाटेल ती चालत नाही. शेतातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती माळवदाला वर्ज्य. त्यासाठी लागते ती पांढरी, खारवट माती, जी पहिल्या सरींबरोबर आपल्या अंगची छिद्रे मिटवून घेते आणि पुढचे पाणी आत शिरू देत नाही. ही माती अंथरून, पाणी शिंपून, चोपण्यांनी चोपून, पन्हळींच्या दिशेने अगदी किंचित ढाळ देऊन बसवितात. मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढून उगवलेले गवत उपटणे, भेगा बुजविणे, मुंग्यांची वारुळे काढणे आणि पन्हळी मोकळ्या करणे हे घरधन्याचे ठरलेले वार्षिक काम असे. छपराच्या मध्यभागी उजेडासाठी व धुरासाठी सवणे ठेवलेले असते. भर दुपारी माजघरातल्या अंधारात त्या सवण्यातून उतरणारा उन्हाचा खांब ज्याने बालपणी पाहिला आहे, त्याला या घराचे वर्णन अधिक सांगावे लागत नाही.

सपाट छप्पर येथेच का आले, याचे उत्तर पर्जन्यमानात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जेथे पाऊस शेकडो इंचांच्या हिशेबाने पडतो, तेथे मातीचे माळवद एक श्रावणही टिकणार नाही. तेथे कौल हवे, गवत हवे, उभा उतार हवा. करमाळा पर्जन्यछायेत. वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस म्हणजे येथे चांगले साल, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जाणारा. अशा ठिकाणी दीड-दोन फूट मातीचा थर दिवसभराची आच स्वतः शोषून घेतो आणि ती घरात उतरण्यापूर्वी सूर्य मावळलेला असतो. शिवाय माळवद ही घराची दुसरी जमीन होय. तेथे ज्वारी वाळते, कुरडया-पापड वाळतात, वैशाखात अंथरुणे पडतात, आणि शेजारच्या माळवदावरच्या बायकांशी बोलणेही तेथूनच होते.

या घरांचे मोजमाप फुटांत होत नसे, खणांत होत असे. दोन तुळयांच्या मधली कड्यांनी झाकलेली जागा म्हणजे एक खण, आणि जुन्या खरेदीखतांत, गहाणखतांत, वाटणीपत्रांत चतुःसीमा लिहून झाल्यावर पाच खणांचे माळवदी घर, सात खणांचा सोपा असाच उल्लेख सापडतो. खणाची रुंदी कोणत्याही शास्त्रग्रंथाने ठरविलेली नव्हती. सुताराच्या हाती जेवढ्या लांबीचे सरळ लाकूड येई तेवढीच कडी, आणि जेवढी कडी तेवढाच खण. करमाळ्याच्या आसपास सागाचे वन नाही. जवळ मिळे ती बाभूळ आणि लिंब. बाभूळ कठीण व चिवट, पण वेडीवाकडी. तिची लांब सरळ तुळई क्वचितच निघते. साग हवा असेल त्याने दुरून आणावा, आणि आगगाडी येण्यापूर्वी दुरून आणणे म्हणजे बैलगाड्यांचे तांडे, वाटेवरील जकाती आणि पुष्कळ पैसा. म्हणून सागाचा खांब हे येथे सधनतेचे चिन्ह झाले. आणि आगगाडी जेऊरवरून सोलापूरकडे गेल्यावर जेव्हा दूरच्या मालाची ने-आण सुलभ झाली, तेव्हा पेठेतील सावकारांच्या घरांना अधिक लांबीच्या तुळया आणि अधिक रुंदीचे खण मिळू लागले. घराच्या खणाची रुंदी पाहून त्या घराचा काळ आणि धन्याची ऐपत या दोहोंचा अंदाज करता येतो.

या सर्व रचनेचा प्राण सांध्यात आहे. लोखंडी खिळा या कामात जवळजवळ नाहीच. खांबाच्या माथ्यावर सुतार एक कुसू काढतो, वरच्या लाकडात त्या मापाची खाच पाडतो, आणि दोन्ही लाकडे एकमेकांत अशी उतरतात की मधून कागदही जाऊ नये. जेथे ओढ पडण्याचा संभव तेथे आरपार भोक पाडून लाकडाचीच मेख ठोकली जाते. वाकस, किंकरे, पटाशी, करवत आणि सामता एवढ्या हत्यारांवर हे काम होत असे. लाकूड फुगते, आकसते, भाराखाली किंचित वाकते. लोखंडाचा खिळा या हालचालीशी झगडतो आणि शेवटी लाकूड फाडतो किंवा स्वतः गंजतो. लाकडाची मेख लाकडाबरोबर हलते. अशा सांध्याचा दुसरा गुण असा की तो सोडविता येतो. मेखा काढल्या, तुळया उचलल्या, कड्या उतरविल्या की अख्खे घर गाड्यांवर चढून दुसऱ्या गावी जाऊ शकते. आणि म्हणूनच दख्खनच्या खेड्यात गाव सोडून जाणारा मनुष्य मातीच्या भिंती मागे ठेवी व लाकूड बरोबर नेई. भिंती गावच्या पांढरीतून आलेल्या, त्या पांढरीत मिळून जात. लाकूड मात्र घराण्याचे असे.

मोठ्या वाड्यांत हीच रचना विस्ताराने येते. देवडी, तिच्या लगतची ढाळज, मधला चौक, चौकाभोवतीचे सोपे, आत माजघर व देवघर, आणि शेवटी परसू, असा तो क्रम. चौकाच्या कडेने फिरणारी खांबांची रांग हा त्याचा सर्वांत देखणा भाग. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब, त्याच्या पायथ्याशी व माथ्याशी कोरलेल्या पाकळ्या, दोन खांबांमधील महिरप, हे पेशवाईतले रूप पुण्याच्या विश्रामबागवाड्यात आणि वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणविसांच्या वाड्यात आजही पाहता येते. याच रूपाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपण गमावले. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि वास्तुशांती १७३२ च्या जानेवारीत. त्यासाठी साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला. १८२८ च्या फेब्रुवारीअखेर लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तिने वरचे सगळे लाकूडकाम खाऊन टाकले. आज आपण तिकीट काढून जे पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती. म्हणजे त्या इमारतीचा जो भाग इमारत म्हणून महत्त्वाचा होता, तोच तेथे नाही.

आता इंग्लंडकडे वळू. चेशायर परगण्यात लिटल मोर्टन हॉल नावाचे एक घर आहे. खंदकाने वेढलेले, सर्वांगावर काळ्या लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या रेषा मिरविणारे हे घर मोर्टन घराण्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतले आणि १६१० च्या सुमारापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढविले. सर्वांत वरच्या मजल्यावर एक लांबच लांब दालन मागाहून चढविण्यात आले आणि त्यावर जड दगडी फरश्यांचे छप्पर पडले. त्या ओझ्याने खालचा सांगाडा दबला, जमिनी कलल्या, भिंती ओळंब्यातून गेल्या, तथापि घर पडले नाही. चारशेहून अधिक वर्षे ते तसेच, अंग वाकवून, उभे आहे. कारण उघड आहे. लाकडाचे सांधे वाकतात, सरकतात, पुन्हा नव्या जागी घट्ट होतात. चुन्यात बांधलेली भिंत एवढी वाकली असती तर केव्हाच फुटली असती.

तेथील सुतार ओकचे लाकूड ओले असतानाच घडवीत. ओला ओक हत्याराला मऊ लागतो, वाळलेला दगडासारखा होतो. ओल्या लाकडाचे कुसू खाचेत घालून मेखेची दोन भोके एकमेकांशी थोडी विषम ठेवीत, त्यामुळे मेख आत जाताना सांधा आपोआप ओढला जाई, आणि पुढे लाकूड वाळू लागले की तो अधिकच आवळे. सगळा सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवून पाहात, प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरीत, मग सोडवून जागेवर नेऊन उभा करीत. या खुणा आजही जुन्या घरांत बोटाने चाचपता येतात. तेथेही घराचे माप खणांतच होई. फक्त ओकची लांबी अधिक असल्यामुळे त्यांचा खण साधारण १६ फुटांचा. लाकडाच्या चौकटींमधली रिकामी जागा ते कोवळ्या फांद्यांची वीण करून, तिच्यावर माती, शेण व गवत यांचा लेप देऊन भरीत. कोकणातील आणि मावळातील आपल्या कुडाच्या भिंतीपेक्षा ही भिंत कोणत्याही अर्थाने निराळी नाही. आणि ज्या काळ्या-पांढऱ्या रंगामुळे ही घरे चित्रांतून जगभर प्रसिद्ध झाली, तो रंग बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला आहे. मूळचा ओक उघडा राहून रुपेरी करडा होत असे.

लिटल मोर्टन हॉलच्या चौकात खिडक्यांच्या वर एक लेख कोरलेला आहे. १५५९ साली विल्यम मोर्टनने या खिडक्या करविल्या असे त्यात आहे, आणि त्याच्याच शेजारी रिचर्ड डेल या सुताराचे नाव, त्यानेच त्या घडविल्या असे सांगणारे. धनी आणि कारागीर एका पंक्तीला. आपल्या वाड्यांच्या बाबतीत कोणी बांधविला हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोणी बांधला हे विचारले तर उत्तर नाही. बलुतेदारांच्या यादीत सुताराचा मान मोठा, कुणब्याचे औत त्याच्या हाती, घराची तुळई त्याच्या हाती. परंतु करमाळ्याच्या कोटातील घरे घडविणाऱ्या एकाही सुताराचे नाव कोणत्या खांबावर कोरलेले माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव मला फार खुपते.

दोन्ही परंपरांत साम्य एवढे असले तरी एक भेद असा आहे की तो जिवावर बेतला. इंग्लिश सांगाड्यात उभ्या व आडव्या लाकडांच्या कोपऱ्यात तिरपे आधार दिलेले असतात. चौकोनाला बाजूने ढकलले तर तो कलतो. त्याच्या कोपऱ्यात तिरपी काठी घालून त्रिकोण केला की कलत नाही. आपल्या माळवदी खणात हा तिरपा आधार सहसा नसतो. येथील सुताराला वाऱ्याचे भय नव्हते, भूकंपाची स्मृती नव्हती, आणि सभोवतीची दोन-अडीच हात जाडीची भिंत सांगाड्याला बाजूने धरून ठेवील हा त्याचा भरवसा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेल्या किल्लारी व आसपासच्या गावांवर भूकंपाचे जे संकट कोसळले, त्यात हा भरवसा खोटा ठरला. सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या, आतला व बाहेरचा पदर एकमेकांत न गुंतलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि त्यांच्याखाली, तसेच वर्षानुवर्षे माती घालून घालून जड झालेल्या माळवदांखाली, लोक गाडले गेले.

त्या दिवसापासून माळवदी घर म्हणजे मृत्यूचा सापळा अशी समजूत मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात रूढ झाली. ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु भूकंपानंतर तेथे गेलेल्या अभियंत्यांनी जे पाहिले तेही सांगितले पाहिजे. कित्येक घरांत भिंती चारी दिशांना ढासळल्या होत्या आणि मधला लाकडी सांगाडा उभा होता. दोष लाकडाचा नव्हता. तो भिंतीचा होता, मातीच्या अतिरिक्त भाराचा होता, आणि त्या न दिलेल्या तिरप्या आधाराचा होता. भाराचा हिशेब कोणासही करता येईल: घनफूटभर कोरड्या मातीचे वजन साधारण ४५ किलो, तेव्हा दहा फूट लांब व दहा फूट रुंद सोप्यावर दोन फूट माती असेल तर डोक्यावर नऊ टन. दरवर्षी जुनी माती न उतरविता नवी घालीत गेल्याने हा भार बापाच्या काळाहून मुलाच्या काळी वाढतच गेला. भूकंपानंतर अशा घरांच्या बळकटीकरणासाठी जे उपाय सुचविले गेले ते साधे आहेत: माळवदाची माती कमी करणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे आधार देणे, आणि भिंतीच्या दोन पदरांना आरपार जाणारे दगड घालून बांधणे. चेशायरच्या सुताराला जे चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होते, तेच यातील दुसरे कलम आहे.

लाकडी घर सोडविता येते हे वर सांगितलेच. या गुणाची कसोटी करमाळा तालुक्याने आपल्या अंगावर घेतली आहे. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयात तालुक्याच्या दक्षिणेकडील नदीकाठची केत्तूर, कुगाव, वांगी इत्यादी गावे गेली. घरे सोडून वर माळावर जाताना लोकांनी काय नेले? खांब, तुळया, कड्या, दारे, चौकटी. नव्या गावठाणात आखून दिलेल्या प्लॉटवर पुष्कळांनी तीच जुनी लाकडे वापरून निवारा केला. जे उरले ते विकले गेले. उन्हाळ्यात जलाशय ओसरला म्हणजे पलीकडच्या काठाला पळसदेवचे प्राचीन मंदिर आणि अलीकडे कुगावच्या इनामदारांच्या वाड्याचे अवशेष उघडे पडतात, वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे येतात, आणि हौशी लोक होडीने जाऊन ते पाहून येतात. पाण्यातून वर येते ते दगडकाम होय. घर म्हणून जे होते ते केव्हाच विखुरले आहे.

याच स्वरूपाचा प्रसंग इंग्लंडमध्ये केंट परगण्यात आला होता. चिडिंग्स्टोन गावाजवळ पंधराव्या शतकाच्या आरंभीचे बेलीफ नावाचे एक शेतकऱ्याचे घर होते. १९६० नंतरच्या दशकात तेथे बाउ बीच जलाशय होणार असे ठरले. रॉय आर्मस्ट्राँग यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या वील्ड अँड डाउनलँड या संग्रहालयाने ते घर लाकूड लाकूड मोजून, खुणा घालून, सोडवून घेतले आणि ससेक्समधील सिंगलटन येथे मोकळ्या जागेवर जसेच्या तसे पुन्हा उभे केले. आज शाळेतली मुले तेथे जाऊन पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा शेतकरी कोणत्या खोलीत जेवत असे, धूर कोठून जाई, धान्य कोठे ठेवी, हे घरातच उभे राहून शिकतात. ते राजवाडा नव्हे, सरदाराची गढी नव्हे, कुणब्याचे घर आहे, हे मला त्यातले विशेष वाटते.

आपल्याकडे हे अशक्य होते असे नाही. पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी आपले आयुष्य वेचून जो संग्रह केला, त्यात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते दालन संग्रहालयात पुन्हा रचले आहे. जुन्या वाड्यांची दारे, खिडक्या, कोरीव हस्त हेही तेथे जपले आहेत. एका माणसाने जे केले ते एका तालुक्याला जड नव्हते. उजनीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या गावांतील एखादे सात खणांचे घर, एखादी ढाळज, सोडवून करमाळ्याच्या कोटात उभी केली असती, तर ज्या गावांनी आपली जमीन देऊन दुसऱ्यांची शेते भिजविली, त्यांचे राहणे कसे होते ते पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळाले असते.

ती वेळ गेली. परंतु उरलेल्या घरांची वेळ अजून गेलेली नाही. ज्या राज्यात प्राचीन स्मारकांसाठी १९६० चा अधिनियम आहे, तेथे किल्ले, देवळे, लेणी यांना संरक्षण मिळाले. परंतु खासगी माळवदी घर संरक्षित यादीत येणे दुर्मीळ. त्यामुळे भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, धाकटा पुण्यास गेला, थोरल्याने पुढच्या भागात दुकान काढले, मागचे माळवद गळू लागले, की जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो. तो सागाचे खांब हेरतो, किंमत ठरवितो, आणि दोन दिवसांत घर उतरवितो. कोरीव खांब शहरातील एखाद्या उपाहारगृहाच्या शोभेला जातात, तुळया चिरून पलंग होतात, बाभळीच्या कड्या चुलीत जातात. सागाच्या जुन्या तुळईत आणखी एक ऐवज असतो. सागाला दरवर्षी स्पष्ट वलय पडते, पाऊस चांगला त्या साली रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा वलयांवरून गेल्या काही शतकांतील पर्जन्याचा मागोवा घेतला आहे. ज्या टापूत पावसाइतकी मोठी चिंता दुसरी नाही, त्या टापूतील लोकांनी ती तुळई नीट न पाहताच करवतीखाली द्यावी हे मनाला पटत नाही.

सगळीच घरे राखता येतील असे म्हणणे अव्यवहारी होईल. कुटुंब वाढते, संडास-न्हाणी हवी, गाडी ठेवावयास जागा हवी, सिमेंटचा स्लॅब वरचेवर मातीकाम मागत नाही, आणि माळवद चोपणारी माणसेही आता सहज मिळत नाहीत. ज्याला नवे घर बांधावयाचे त्याने ते जरूर बांधावे. माझे मागणे लहान आहे. करमाळ्यातील, आणि करमाळ्यासारख्या प्रत्येक जुन्या कसब्यातील, ज्या घरधन्याकडे अद्याप खणांचे घर आहे त्याने यंदाच्या मृगापूर्वी माळवदावर चढून दरसालची नवी माती घालण्याऐवजी जुनी जादा माती खाली उतरवावी, पन्हळी मोकळ्या कराव्यात, तळखड्याभोवतीची ओल निवारावी, खांबाला सिमेंटचा गिलावा लावून त्याचा श्वास कोंडू नये, आणि जाणत्या सुताराला बोलावून तुळई-खांबाच्या कोनांत तिरपे आधार बसवून घ्यावेत. ज्याला घर पाडणे अपरिहार्य आहे त्याने व्यापाऱ्यास बोलावण्यापूर्वी गावातील शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या मुलांना चार दिवस आत येऊ द्यावे; त्यांनी खण मोजावेत, नकाशा काढावा, सांध्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, आठवत असेल तर, ते घर ज्या सुताराने घडविले त्याचे नाव नकाशाच्या माथ्यावर लिहावे.